चोरओटीची बातमी

सोनाळा,
२४ डिसेंबर

चि. अविनाशास,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू ताटावरून उठून गेलास, त्यानंतरचं हे माझं पहिलं पत्र. "पाहुण्यासारखा येतोस आणि पाहुण्यासारखा जातोस" असं मी म्हणालो, ते तुला लागलं. लागावं म्हणूनच म्हणालो होतो, पण इतकं नाही. फोन केला की तू "हं, बरं आहे, आईला द्या" एवढंच बोलतोस. म्हणून तुझ्या लेकीच्या, राखीच्या वहीतले दोन कागद तिच्या परवानगीनं फाडून घेतले आणि बागेत येऊन बसलो आहे. तिथे कच्छात पवनचक्कीच्या टोकावर चढलेला असताना तुला आमचा फोन नकोसा होत असेल. पत्राचं बरं असतं, ते तू खाली उतरेपर्यंत थांबतं.

आज भांडण नाही. आज मन इतकं हलकं आहे की कुठून सुरुवात करू ते सुचत नाही.

बाग ताणावर आहे. पाणी तोडलं, पानं मुडपली, मागे सातपुडा निळसर धुरात बसलेला. लहानपणी तू विचारायचास, "बाबा, झाडाले पाणी न द्याची शिक्षा काऊन?" मी सांगायचो, शिक्षा नाही रे, तहान लागल्याशिवाय त्याला फूल आठवत नाही. विहिरीकडच्या ओळीला मात्र मृग बहराची फळं आहेत, अर्धी हिरवी, अर्धी पिवळी. सकाळी तुझी आई तिथे आली.

"पाच संत्री तोडा. देठपानासकट. एकावरबी डाग नको."

"कशाले?"

"इचारू नका म्हटलं ना."

"म्हटलं कुठं?"

"आता म्हणतो."

मी तोडून दिली. थोड्या वेळानं पाणी प्यायला घरात गेलो, तर मधल्या खोलीचं दार लोटलेलं. फटीतून दिसलं ते एवढंच: पाटावर सूनबाई समीक्षा, मान खाली. तुझ्या आईच्या हातात नारळ आणि हिरवा खण. परातीत माझी पाच संत्री. कोणी काही बोलत नव्हतं. मी पाणी न पिताच मागे फिरलो.

तुला हे कळणार नाही, आम्हालाही कळू द्यायचं नसतं. तिसऱ्या महिन्यात बायका अशी ओटी भरतात, पुरुषांच्या कानावर न घालता, म्हणून तिला चोरओटी म्हणतात. मग सातव्यात मांडव, फुलं, गाणी, सगळ्या गावाला कळलं तरी चालतं. पण पहिली खबर चोरून.

अविनाश, मी बागेत आलो आणि मला आमची चौथीची खोली दिसायला लागली. हिंमतराव गुरुजी कवितेच्या तासाला खिडक्या उघडायला लावायचे. म्हणायचे, कविता बंद खोलीत गुदमरते. आम्ही साठ पोरं एका सुरात म्हणायचो आणि बाहेरून जाणारा बैलगाडीवाला गाडी हळू करायचा. मी सातवीनंतर शाळा सोडली, बाग धरली, पण त्या ओळी काही मला सोडून गेल्या नाहीत. राखीला मी दोन कविता पाठ करून दिल्यात. ती म्हणते छान, पण मध्येच विचारते, "आजोबा, हे झाड खरंच बोललं होतं का?" ती हिशोबी आहे, तिच्या आईवर गेली. येणारं जे आहे ते कदाचित विचारणार नाही. ते झाडाकडे पाहील आणि मान डोलावेल. मुलगा असो की मुलगी, मला त्याचं काही नाही. मी त्याला मांडीवर घेऊन बांधावर बसलेला आहे, आणि समोरून कोणीतरी गाडी हळू करतं आहे, असं काहीसं सकाळपासून दिसतं आहे.

समीक्षा लाजत असेल, तुला सांगायला वेळ लावेल. म्हणून मीच सांगतो. आईला कळू देऊ नकोस की मी फोडलं.

तुझे बाबा,
शेषराव

•

सोनाळा,
४ जानेवारी

चि. अविनाश,

तू पत्र वाचून लगेच समीक्षाला फोन केलास, कँपमध्ये पेढे वाटलेस, हे मला तिच्याकडून कळलं. कसं कळलं ते लिहितो.

ती बागेत आली. डोक्यावर पदर नाही, हातात फोन. तिनं मला कधी असं सरळ विचारलेलं नव्हतं.

"मामाजी, तुम्ही कळवलं का त्यायले?"

"हो. मले वाटलं तू लाजून राह्यली."

ती बांधावर बसली. बराच वेळ पाटाच्या कोरड्या मातीकडे पाहत होती. मग म्हणाली, "लाजून नाही मामाजी. ठरवून राह्यली होती."

"काय?"

"ठेवायचं का नाही ते."

मी म्हटलं, "अन् ओटी?"

"आईनं समोर नारळ धरला. तिथं बोलायचंच नसते. नाही कशी म्हणू? त्यायनं मले काही इचारलंच नाही."

अविनाश, मी पन्नास वर्षं या घरात चोरओटीचं नाव ऐकत आलो. ती पुरुषांपासून चोरायची असते एवढंच मला ठाऊक होतं. जिची ओटी भरतात तिलाही कोणी विचारत नाही, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आणि मी, ज्याला कळायलाच नको होतं, त्यानं ते वहीच्या कागदावर लिहून कच्छला पाठवलं.

मी तिला म्हटलं, "आम्ही आहोत ना, पोरी. मी आहे, आई आहे."

"तुम्ही आहे. पण तुम्ही आजोबा आहे."

मग ती बोलत राहिली, मान वर न करता. पावसाळ्यात राखीला डेंग्यू झाला तेव्हा तिनं तुला कळवलं. तू म्हणालास, सुट्टी भेटत नाही. अकोल्याच्या दवाखान्यात ती एकटी राखीला घेऊन राहिली. माझा गुडघा सुजलेला होता, आई मला सोडून जाऊ शकत नव्हती. समीक्षा म्हणाली, "राखी बरी झाल्यावर मी त्यायले फोटो पाठवला. त्यायनं अंगठा पाठवला. तो पिवळा असते ना, तो." मग म्हणाली, "लोक म्हणतात, बाई एकटी वाढवू शकते. वाढवू शकतो मी. मले नाही वाढवायचं."

तिनं तुलाही हेच सांगितलं असावं, कारण काल तुझा फोन आला. दिवाळीनंतर पहिल्यांदा तू "बाबांना द्या" म्हणालास. मी किती घाईनं हात पुसले, तुझी आई हसली. आणि तू म्हणालास, "बाबा, तिला थांबवा. माझंही आहे ते. मला न विचारता ती ठरवणारी कोण? माझ्या सहीशिवाय एक डॉक्टर हात लावणार नाही, सांगा तिला."

तुझ्या रागात मला माझंच मन ऐकू येत होतं. तो बांधावरचा, मांडीवरचा, मान डोलावणारा अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तुझंही आहे ते, हे कोण नाकारतं? पण "तिला सांगा" हा शब्द मला खटकला. तिला तूच का नाही सांगत?

तुझ्या आईला सगळं कळलं आहे. मी बातमी फोडली हेही. तिनं दोन दिवस मला चहा दिला, पण कपाचा कान माझ्याकडे केला नाही.

तुझे बाबा

•

सोनाळा,
११ जानेवारी

चि. अविनाश,

परवा समीक्षा मला म्हणाली, "मामाजी, दवाखान्यात येता का? आईले नाही नेऊ शकत, त्या रडतीन." मी नाही म्हटलं असतं तर ती एकटी गेली असती. म्हणून गेलो. कशासाठी चाललो आहोत हे मला माहीत होतं, आणि तरी एसटीत खिडकीतून हरभऱ्याची शेतं पाहताना मी मनात कविता म्हणत होतो. म्हातारपणी मन असं लबाड होतं, जिथे जायचं नसतं तिथे ते शरीराला एकट्याला पाठवतं.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. स्वच्छ होता, डॉक्टरीणबाईही वाईट नव्हत्या. मला आत बसायला खुर्ची दिली. भिंतीवर गुबगुबीत बाळाचं कॅलेंडर.

"नवरा कुठे आहे?"

"कच्छमध्ये."

"मग सहीचं कसं करायचं?"

समीक्षा म्हणाली, "मॅडम, सही माझी लागते. नवऱ्याची लागते असं कायद्यात नाही. मी विचारून आली."

बाई हसल्या. "कायदा मलाही माहीत आहे गं. पण नंतर सासरचे येऊन माझ्या दारात बसतात, त्यांना कायदा कोण वाचून दाखवणार? आमच्याकडे घरच्या माणसाची सही घेतोच. हे कोण, सासरे? मग झालं. बाबा, तुम्ही करा."

कागद माझ्यापुढे आला. पेनही आला.

आता नीट वाच, अविनाश, कारण तुझ्या बाजूचा माणूस त्या खुर्चीत बसला होता. मला ते मूल हवं होतं. अजूनही हवं आहे. मी नुसतं "मला जमणार नाही" म्हणून पेन खाली ठेवला असता, तर त्या दिवशी तुला हवं तेच झालं असतं, आणि कोणी मला दोषही दिला नसता. म्हाताऱ्याचं मन धजलं नाही, असं म्हणाले असते. पेन माझ्या हातात होता आणि समीक्षा माझ्याकडे पाहत नव्हती. ती कॅलेंडरकडे पाहत होती. तिनं माझी विनवणी केली नाही, तिची वळवलेली मान मला अजून दिसते. मला एकदम वाटलं, मी कोण आहे इथे? जिच्या अंगात हे चाललं आहे ती शेजारी बसली आहे आणि कागद माझ्यापुढे सरकतो आहे. मी नसतो, तर तो तुझ्या एखाद्या चुलत्यापुढे सरकला असता.

मी म्हणालो, "मॅडम, मी सही केली तरी चूक, नाही केली तरी चूक. हे मला विचारायचं नाही. हिला विचारा."

"बाबा, तुम्ही मास्तर होते का?"

"नाही. संत्र्याची बाग आहे."

"मग बागेसारखं इथं नसतं हो," त्या म्हणाल्या, "दिवस वाढत चाललेत हिचे." आणि कागद परत घेतला.

समीक्षा उठली. "चला मामाजी. सरकारी दवाखान्यात जाऊ, तिथं माझी चालते."

स्टँडवर चहा घेतला. ती म्हणाली, "तुम्ही पेन कागदाले लावलाच नाही. मले वाटलं, तुम्ही आता नाही म्हणता."

"मलेबी तसंच वाटलं."

ती हसली. त्या दिवसांत पहिल्यांदा. मग म्हणाली, "मी जाईन असं अजून म्हणत नाही, मामाजी. नाही जाणार असंबी म्हणत नाही. पण हे माझ्या हातात आहे एवढं मले पाहून घ्याचं होतं."

तर सही तुझी नाही, अविनाश. माझीही नाही. ती गोष्ट संपली, ती धरून बसू नकोस. तुझं म्हणणं मात्र तुझं आहे. ते तिच्यापर्यंत कसं पोचवायचं, हे तू बघ. फोनवर ओरडून पोचलं नाही, एवढं मी इथून सांगतो.

तुझे बाबा

•

सोनाळा,
१७ जानेवारी

चि. अविनाश,

संक्रांतीचा तिळगूळ तुझ्या नावाचा डब्यात आहे.

तुझा मेसेज समीक्षानं मला दाखवला. "तुझी मर्जी. मला आता काही विचारू नका." असं लिहून तू मोकळा झालास, आणि मला वाटतं तुला त्यात मोठेपणाही वाटला असेल. तिनं फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आधी सही अडवून बसले. आता हात झटकून राह्यले. मधलं काही येतच नाही का त्यायले?"

मी फोन तिला परत दिला.

आता जे लिहितो ते तुझ्या आईला विचारून लिहितो आहे. यावेळी विचारलं. ती म्हणाली, "लिहा. त्याले कळू द्या."

तुझी आई समीक्षावर रागावली आहे, हे तुला ठाऊक असेल. "म्या ओटी भरली, अन् ही दवाखाने पाहून राह्यली," असं ती घरात फिरता फिरता भांड्यांना सांगते. काल दुपारी आम्ही दोघं तीळ पाखडत होतो. म्हणजे ती पाखडत होती, मी बसलो होतो. मी सहज म्हटलं, "बापाला काही म्हणायचं असेल, तर ते ऐकावं की नाही?"

ती म्हणाली, "तुम्हाले इचारलं होतं का कोणी?"

"कधी?"

"अविनाश दोन वर्साचा होता तवा."

मला काहीच आठवेना. ती सूप हलवत राहिली. मग म्हणाली, "माह्या जयमाला ताईसोबत अकोल्याले गेली होती ना मी, लग्नाले. लग्न नव्हतं."

अविनाश, तुझ्यापाठी एक राहिलं होतं, ते तिनं ठेवलं नाही. मला माहीत नव्हतं. चाळीसेक वर्षं या घरात मी झोपलो, उठलो, जेवलो, आणि मला माहीत नव्हतं.

मी विचारलं, "मले काऊन नाही सांगितलं?"

तिनं हात थांबवला. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. कंटाळलेल्या पोराला समजावतात तसं म्हणाली, "अविनाश सारखा आजारी. तुमची माय खाटेवर. दुष्काळाचं वरीस, टँकरचं पाणी मी डोक्यावर आणत होती. तुम्ही कुठं होते? इथंच होते. बांधावर बसून कविता म्हणत होते. सांगितलं असतं तर काय केलं असतं तुम्ही? अजून एखादी म्हटली असती."

मग पुन्हा सूप. तीळ उडत होते आणि परत पडत होते. मी उठून बागेत आलो. मनात त्याचं किंवा तिचं वय मोजू लागलो, आणि मध्येच थांबलो. मोजून मला काय मिळणार होतं? राग यायला हवा होता, तो येत नव्हता. मला कोणी फसवलं असं वाटलंच नाही. एवढंच वाटत राहिलं की ती त्या वेळी कोणाकडे तरी वळून पाहत असेल, आणि तिथे मी नसेन. घरातच असूनही नसेन. तू कच्छात आहेस, तुझ्याकडे निदान अंतराचं कारण आहे. माझ्याकडे तेही नव्हतं.

नवरा म्हणून, सासरा म्हणून हक्क सांगता येतो, तो मी पाहिला. पण जिनं ठरवायचं तिला आपल्याला विचारावंसं वाटलं पाहिजे. हे मागून मिळत नाही. मी चाळीस वर्षांत मिळवलं नाही. तू मिळवशील की नाही, मला ठाऊक नाही.

समीक्षाला मी म्हटलं, त्याला बोलव. ती म्हणाली, "मी नाही बोलवणार. पण आले तर समोर बसून ऐकीन. पुरं ऐकीन. मग ठरवीन मी." हे तिचे शब्द आहेत, माझे नाहीत. त्यात माझी कविता मिसळलेली नाही.

दिवस वाढत चाललेत. सुट्टी मिळत नसेल तर न मिळता ये. मेसेज नको. मला पत्र नको. मलकापूरला उतर आणि सरळ घरी ये.

तुझे बाबा

•

सोनाळा,
२ फेब्रुवारी

चि. अविनाश,

तू पोचल्याचा समीक्षाला फोन आला, तिनं सांगितलं. प्रवास बरा झाला म्हणे, खिडकीची जागा मिळाली.

घर तुझ्या जाण्यानं जरा पोकळ वाटतं आहे. या वेळी तू पाहुण्यासारखा आला नाहीस, म्हणून असेल. त्या दिवशी तू बॅग ओट्यावर टाकून विचारलंस, "समीक्षा कुठाय?" आणि आईनं नुसतं बागेकडे बोट केलं. तू पायही धुतले नाहीस. मी ओट्यावरून पाहत होतो. फार लांबून, शब्द एकही ऐकू येत नव्हता, आणि ऐकू नये म्हणूनच मी तिथे बसलो होतो. तू आधी उभा राहून बोलत होतास, हात हलवत. तिनं काहीतरी म्हटलं आणि तू खाली बसलास. मग बराच वेळ तू बोललास, ती ऐकत होती. मग ती बोलली, आणि तू दोन्ही हातांनी तोंड झाकलंस. राखी शाळेतून आली, पळत तुमच्याकडे निघाली, मी तिला धरून ठेवली. ती म्हणाली, "बाबा रडून राह्यले का?" मी म्हटलं, "बाबा बोलून राह्यले." उन्हं संत्र्याच्या ओळींवरून सरकत सरकत तुमच्या पायांपाशी आली आणि पुढे निघून गेली, तरी तुम्ही तिथेच.

काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. समीक्षानं एवढंच सांगितलं, तेही आपणहून. "ते म्हणाले, ठेव, मी नोकरी सोडून येतो. मी म्हटलं, यायचं तर याच्यासाठी नका येऊ. आम्ही दोघी आहोत इथं, मी अन् राखी, आमच्यासाठी या. मग म्हणाले, मले हवं होतं ते. मी म्हटलं, मले माहीत आहे. पण मी नाही ठेवत."

"अन् मग?"

"मग म्हणाले, मी सोबत येतो."

एवढंच. तुझं म्हणणं तिनं पूर्ण ऐकलं आणि तुझ्या म्हणण्याविरुद्ध ठरवलं, आणि तू तिच्यासोबत गेलास. सरकारी दवाखान्यात सही तिनं केली, तू तिची पिशवी धरून बाकावर बसलास. माझ्या आयुष्यात मी केलेली सगळ्यात चांगली गोष्टही एवढी अवघड नव्हती. तुला हे तोंडावर सांगता आलं नाही, म्हणून लिहिलं.

मला दुःख नाही असं समजू नकोस. मांडीवरचं ते पोर अजून कधी कधी येतं. परवा राखीला कविता सांगताना ते तिच्या शेजारी येऊन बसलं. मी त्याला बसू दिलं. थोडा वेळ ऐकलं त्यानं, मग गेलं.

उन्हाळ्याच्या आत येतो असं तू समीक्षाला म्हणालास, ते तिनं मला सांगितलं. तिला ते खरं वाटतं की नाही, ते सांगितलं नाही. मी विचारणारही नाही. आणि तूही यापुढे समीक्षा कशी आहे, काय म्हणते, रागावली आहे का, हे मला विचारू नकोस. मी तुमच्यामधला पोस्टमन होतो, आणि पहिल्याच खेपेला मी चुकीच्या घरात पत्र टाकलं होतं. आता पोस्टमन निवृत्त. तिला विचार. ती सांगेल तेवढं ऐक, आणि सांगणार नाही तेव्हा फोन लगेच ठेवू नकोस.

एक गोष्ट मात्र माझ्या घरातली आहे, ती सांगतो.

तू गेल्यावर तुझी आई समीक्षाशी बोलत नव्हती. ताट वाढायची, पण बोलायची राखीशी. "तुझ्या मायले म्हण, भाकर घे." समीक्षाही गुपचूप घ्यायची. काल सकाळी स्वयंपाकघरातून तुपाचा वास आला. पाहिलं तर आई डिंक तळत होती. शेजारी किसलेलं खोबरं, खारीक, गूळ. बाळंतिणीला देतात ते लाडू. मी दारात उभा राहिलो. तिनं मागे न पाहता म्हटलं, "अंगातून तर गेलंच ना तिच्या. भरून नको याले?"

लाडू वळून झाले. तिनं ताटलीत दोन घेतले, मधल्या खोलीत गेली आणि समीक्षापुढे ठेवले. "रोज सकाळी एक. वरून दूध. कोणी इचारलं तर सांगू नको कायचे आहे." समीक्षानं सासूचा हात धरला, आणि आईनं तो सोडवून घेतला नाही.

आई परत आली. डब्यात लाडू भरत होती. मी त्यातला एक उचलला. ती म्हणाली, "तुमच्यासाठी नाहीत ते."

मी तो तिच्या हातावर ठेवला.

"मले काऊन?"

"अकोल्याहून आली तेव्हा तुले कोणी केले नव्हते."

ती माझ्याकडे पाहत राहिली. माझ्या डोळ्यांत नाही, हातावरच्या लाडवाकडे. मग पाटावर बसली, पदर तोंडापाशी धरला आणि खायला लागली. सावकाश, एकेक तुकडा मोडून. मी समोर बसलो. या वेळी एकही ओळ आठवली नाही. तिचं खाऊन होईपर्यंत मी तिथेच होतो.

तुझे बाबा,
शेषराव